चौथ्या वाफ्यातल्या गाठी

ब्लेडखाली गाठ जरा सरकली, मग चिरली—आत गुलाबी. मुळावरची पुढची गाठ... तीही गुलाबी. मोहरीएवढ्या गाठीच्या पोटात हा रंग म्हणजे जिवाणू कामाला लागलेत, हवेतलं नत्र ओढून चवळीला देताहेत. उत्तम. फक्त या वाफ्याला जिवाणू दिलेच नव्हते. न देण्यासाठीच तर तो आखला होता, शेजारच्याशी तुलना करायला.

वहीत एवढंच होतं: वाफा चार. जिवाणू: नाही. गाठींचा रंग:

मातीतले मूळचे असतील? पण गेली दोन वर्षं इथे गाठी पांढऱ्याच निघाल्या होत्या.

"मावशी, यात काही टाकलंत का?"

शेताची मालकीण बांधावर बसून चपलेतली माती झाडत होती. "टाकलं की. पाकिटात उरलं होतं."

"याला काही द्यायचं नाही, असं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. पण एकाच्या तोंडात घास नि शेजारचा टकामका बघतोय... मला नाही बघवलं बाई. आणि बिघडलं काय? पीक तर झकास आलंय."

वही धरून उभा असलेला तंत्रज्ञ खुसकन हसला. "मॅडम, मावशींनी प्रयोगालाच जेवू घातलं."

बिघडलं ते इतकंच—हा तिसरा, शेवटचा हंगाम. नऊ गावांत ठळक फरक दिसायचा तो याच गावात, आणि तो दिसला तरच जिवाणूंची पाकिटं सगळ्या खोऱ्यात जाणार. हे गाव वगळायचं तर उरलेल्या आठांत फरक आहे म्हटलं तर आहे... आणि वगळायचं नसेल तर वहीत एक शब्द. पांढऱ्या.

—धाकटी हुशार निघाली, असं पाहुणे माझ्याबद्दल म्हणायचे. निघाली, जणू बीच तसं होतं. ताई बारावीनंतर आईच्या अंथरुणापाशी राहिली, कुणी तसं ठरवलं नव्हतं, आणि मी विमानात बसले, मग प्रबंध, मग हा हुद्दा. सुट्टीत घरी आले की ताई विचारायची, "तुझी झाडं काय म्हणतात गं?" आणि मी दोन वाक्यांत उरकायचे, तिला काय कळणार म्हणून. पाहुण्यांना मी कधीच दुरुस्त केलं नाही. मला बघवलं होतं ते, चांगलं वीस वर्षं—

"मागच्यासारखंच लिहू?" तंत्रज्ञाने आवाज खाली आणला. "उपटून बघायला कोण येतंय."

तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही पाकिटं खोऱ्यात जायला हवी होती. त्याच्या सासुरवाडीची जमीन तिकडेच होती.

मावशींवरचा राग तिने शोधून पाहिला. सापडेना. त्या जागी काहीतरी होतं, हेव्यासारखं.

"लिहा," ती म्हणाली.

त्याने पेन टेकवलं. "काय?"

तोंड उघडलेलंच होतं, आणि आता त्यातून काय बाहेर येतं ते ऐकायला—अनोळखी माणसाचं ऐकावं तशी, जराशी धास्तावून—ती स्वतःच थांबली होती...