चिंचेने घासलेली रायफल

इथल्या मरीन परेड भागात राहणाऱ्या चिनी गोह अंकलकडे दीडशे वर्षांपूर्वीची, पितळी बॉडीची, लिव्हर ओढून गोळी भरायची रायफल आहे, रीतसर लायसन्स असलेली. जुन्या रायफलींची किंमत ठरवणं हा माझा छंद, म्हणून त्यांनी मला बोलावलं. त्या दिवशी खंडेनवमी होती. शस्त्रपूजेची परवानगी घेऊन मी आईलाही सोबत नेलं.

अंकल आत चहा करत होते. रायफलीचं पितळ अगदी काळपट होतं. लहानपणापासून पूजेआधी पितळ घासायचं काम माझंच. निरांजन घासायला आईने आणलेली चिंच मी उचलली आणि हात आपोआप चालू लागला. पितळ लखलखलं तेव्हा कुठे भानावर आलो. जुन्या रायफलीची निम्मी किंमत त्या काळपट थराची असते, हे लोकांना मीच बजावतो.

अंकल ट्रे घेऊन दारातच थांबले. ‘‘हे कुणी केलं?’’ त्यांनी इंग्रजीत विचारलं.

‘‘माय मदर,’’ मी म्हणालो.

अंकलनी ट्रे ठेवून पितळावरून बोट फिरवलं. मग आईसमोर मान झुकवून हळूच म्हणाले, ‘‘थँक यू, आंटी.’’ आईने हात जोडले.

लिफ्टमध्ये ती म्हणाली, ‘‘मदर एवढं कळतं रे मला. घासलीस तर तू.’’