पारुबाईनं लिहिलेली वेळ

हिंगोलीहून नरसीकडं जाताना हळद पॉलिश करायचा एक कारखाना लागतो. पारुबाई तिथं नऊ वर्षांपासून हळकुंडं निवडायच्या कामाला होती. कामगारांसाठी प्रथमोपचाराचं पुढच्या पायरीचं, तीन दिवसांचं प्रशिक्षण ठरलं, तेव्हा मॅनेजर शेषरावांनी सहा पुरुषांची नावं दिली. त्यातला एक ऐनवेळी लग्नाला गेला. जागा रिकामी दिसू नये म्हणून त्यांनी पारुबाईला बसवलं.

शिकवायला नांदेडहून दिपा मॅडम आल्या होत्या. बाकीचे चहाची वाट बघायचे आणि पारुबाई प्रश्न विचारायची. रक्त थांबतच नसलं तर पट्टा कुठं आवळायचा, सांध्यावर काहून न्हाई, बांधल्याची वेळ कशाला लिहायची. घरी तिनं नवऱ्याच्या हातापायाला पट्ट्या गुंडाळून इतका सराव केला, की संतराम जेवायला तरी एक हात मोकळा ठेव म्हणायला लागला.

मार्चमध्ये ऐन हंगामात ते घडलं. मेकॅनिक मोहनसिंग पॉलिशच्या चालू ड्रमजवळ वाकला होता. पत्रा निसटला आणि त्याच्या मनगटाच्या वर खोल घुसला. रक्ताची चिळकांडी उडाली. बायका मागं सरल्या. शेषराव ओंजळभर दळलेली हळद घेऊन धावत आले.

"साहेब, हळद टाकू नका," पारुबाई म्हणाली. "आधी मेन स्विच बंद करा, अन् एकशेआठला फोन लावा."

नऊ वर्षांत तिनं शेषरावांना एकही काम सांगितलं नव्हतं.  तरी ते हळद तिथंच टाकून स्विचकडं पळाले.

तिनं मोहनसिंगला आडवं केलं, जखमेवर कापडाची जाड घडी ठेवली आणि अंगाचा सगळा भार देऊन दाबली. घडी भिजली. ती न काढता वर दुसरी ठेवली. तीही भिजली. मग तिनं प्रथमोपचाराच्या पेटीतला पट्टा काढला, कोपराच्या वर दंडाला बांधला आणि तो आवळायला त्यात अडकवलेली काडी पिळत गेली.

"सैल कर, बाई," मोहनसिंग कळवळला.

"दुखणारच, दादा. पण मी सोडणार न्हाई."

 रक्त थांबलं. पोत्यांवर नंबर टाकायच्या पेननं तिनं त्याच्या कपाळावर लिहिलं, ११:२०. अंगावर आपली शाल टाकली आणि गाडी येईपर्यंत त्याला बोलतं ठेवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी ती वेळ वाचली. हे कुणी केलं, असं विचारलं. दारात उभ्या पारुबाईकडं हात करून शेषराव म्हणाले, "आमच्या पारुबाईंनी." एरवी ते तिला नुसतं 'ए बाई' म्हणायचे. पट्टा बराबर बांधलाय, वेळ लिहिली म्हणून पट्टा किती वेळ आवळलेला होता ते कळलं, आमचं काम सोपं झालं, हात वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.  पदराला रक्ताचे डाग होते, तरी तो न लपवता पारुबाई ताठ उभी राहिली.

तीन महिन्यांनी मोहनसिंग कामावर आला. दोन बोटं जरा सावकाश वळतात, पण पाना धरता येतो.

पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीत शेषरावांनी निवडणाऱ्या आठ बायकांची नावं घातली. दिपा मॅडम पुन्हा आल्या. पट्टा बांधायचा धडा आला, तेव्हा त्यांनी पट्टा पारुबाईच्या हातात दिला आणि स्वतः बायकांच्या ओळीत जाऊन बसल्या.

पारुबाईनं घसा साफ केला आणि शिकवायला सुरुवात केली.