जिन्यावरचे तीन दिवस

डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद काटेवाल्याने पहिल्यांदा उभ्यानेच वाचला, दुसऱ्यांदा दुकानात बसून आणि तिसऱ्यांदा भिंग लावून. मजकुरात फरक पडला नाही.

"ऑटिझम," मुलगी म्हणाली. "आपल्याकडे स्वमग्नता म्हणतात."

"चुकीचं म्हणतात. स्वतःत मग्न व्हायला मला सवड कुठे मिळते? शेजारच्या दुकानातला पंखा कुरकुरला तरी माझा दिवस फुकट जातो."

मुलगी हसली. ती शाळेत शिकवायची. अशा वेगळ्या मुलांना कसं ओळखावं, याचं शिक्षकांसाठी एक शिबिर झालं. तिथे तिने लक्षणांची यादी वाचली. तिच्या वर्गातलं एकही मूल त्या यादीत बसत नव्हतं, बाप मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बसत होता. चार महिने तिने त्याची मनधरणी केली, तेव्हा कुठे तो तपासणीला गेला.

"औषध काय?" त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.

"औषध नाही. आजारच नाही तो. तुमची घडण तशी आहे."

"मग नावाचा उपयोग काय?"

"ते तुम्हीच मला सांगा, वर्षभराने," त्या म्हणाल्या.

त्याला वर्षभर थांबायचं नव्हतं. उपयोग त्याला त्याच दिवशी सुचला होता. हा कागद घेऊन बायकोकडे जायचं आणि तिला घरी घेऊन यायचं.

अडतीस वर्षं तो वजनकाटे दुरुस्त करत होता. बाजारात कुणाच्या तराजूत पासंग आला, एक पारडं जरा झुकायला लागलं, की ते त्याच्या टेबलावर येई. स्वतःच्या प्रमाणित पितळी वजनांना तो कधी बोट लावत नसे. बोटाच्या घामानेही वजन बदलतं, म्हणून ती चिमट्याने उचलायची. बायको एकदा म्हणाली होती, "मलाही आयुष्यभर तसंच चिमट्यानं धरलंत." तो टोमणा होता. त्याला वाटलं, कौतुक केलं. तो आठवडाभर खुशीत होता.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. तीन दिवस ती वॉर्डात होती, आणि तीनही दिवस तिने त्याचं तोंड पाहिलं नाही. चौथ्या दिवशी ती बहिणीसोबत परस्पर बहिणीच्या घरी गेली. "तुम्ही आला नाहीत," एवढंच तिने फोनवर सांगितलं. तो "नाही आलो" म्हणाला. संसार तिथेच संपला.

आता रविवारी सकाळी तो निघाला. बसमध्ये त्याने मनाशी चार वाक्यं जुळवली, त्यातली तीन खोडली, आणि मग चौथं वाक्यही डळमळीत वाटायला लागलं.

पहिल्या मजल्यावरचं दार मेहुणीने उघडलं.

"या भाऊजी! अकरा वर्षं लागली दोन बस बदलायला?"

"दोन नाही, एकच बदलावी लागते."

"ताई," मेहुणी आत वळून ओरडली, "तुझंच माणूस आलंय गं! काडीचा फरक नाही!"

बायको खिडकीशी शिवणयंत्रावर बसली होती. बाजूला कापडाचे तुकडे पडले होते, भिंतीवर कागदी नमुन्यांच्या सुरळ्या टांगल्या होत्या. ती उठली नाही. "बसा," म्हणाली. तो बसला आणि कात्रीकडे पाहत राहिला. तिचे केस पांढरे झाले होते, तेवढं त्याने दारातूनच पाहून घेतलं होतं.

तिने कागद वाचला. पुन्हा वाचला.

"म्हणजे हे जन्मापासून?"

"हो."

"लग्न झालं तेव्हा होतं?"

"होतं."

"मग आता काय म्हणायचंय? कागद दाखवला, की सगळं माफ?"

"नाही." त्याची चारही वाक्यं कुठल्या कुठे गेली. "दवाखान्यात मी आलो होतो."

यंत्राच्या चाकावरचा तिचा हात थांबला.

"जिन्यावर होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. तीनही दिवस. वॉर्डाचं दार उघडलं, की आतला तो पांढरा उजेड यायचा, यंत्रांची टिकटिक, फिनेलचा वास, सगळं एकदम अंगावर. पाय उचलत नव्हता. नर्सबाई जाता-येता सांगायच्या मला. ताप उतरला, पाणी प्यायल्या."

"मला नाही सांगितलं तिनं."

"मी सांगा म्हटलं नव्हतं."

"आणि तुम्ही? तुम्हाला तोंड नव्हतं?"

"काय सांगणार? जिन्यापासून तुझ्या खाटेपर्यंत पंधरा पावलं. ती का जमली नाहीत, हे माझं मलाच कळत नव्हतं. तू म्हणालीस, तुम्ही आला नाहीत. ते खरंच होतं. आता कारण लिहून मिळालंय, म्हणून आलो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. मेहुणी ऐकत होती.

"तीन दिवस मी दाराकडे डोळे लावून होते," बायको म्हणाली. "शेजारच्या खाटेवरची बाई विचारायची, मालक कुठेत? मी म्हणायचे, कामात असतील. तिसऱ्या दिवशी कळून चुकलं, की खोट माझ्यातच आहे. ज्या बाईसाठी माणसानं उठून यावं, ती बाई मी नाही. अकरा वर्षं हेच घेऊन जगले मी."

ती आपल्याला दोष देत असेल, हे त्याने रोज गृहीत धरलं होतं. ती स्वतःला दोष देत असेल, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"घरी येतेस?" त्याने विचारलं. विचारायचं ते एवढंच होतं.

"नाही. इथे माझं बस्तान बसलंय. सकाळी बायका शिवण शिकायला येतात. आणि खरं सांगू, तुमच्या मनात काय चाललंय, ते दिवसरात्र ओळखत बसायची ताकद आता नाही राहिली."

स्पष्ट 'नाही' त्याला नेहमी सोपं जायचं. हे गेलं नाही.

"हा कागद मी ठेवू?"

"एकच प्रत आहे माझ्याकडे."

"भाऊजी, द्या की हो!" आतून मेहुणी ओरडली.

"तपासणी तुमची झाली," बायको म्हणाली, "पण माझ्यातही खोट नव्हती, ते यात लिहिलंय." तिने कागदाची घडी घातली आणि रिळांच्या खणात ठेवली. त्याने हरकत घेतली नाही.

तो दारात चपला घालत असताना तिने विचारलं, "तीन दिवस जिन्यावर बसून काय करत होतात?"

पूर्वी असं काही विचारलं, की क्षणभर थांबून त्याचं उत्तर तीच देऊन टाकायची. या वेळी ती गप्प राहिली. एक चप्पल पायात, एक बाहेर, असा तो विचार करत उभा राहिला.

"दार उघडलं की कान देत होतो," तो म्हणाला. "तुझा आवाज येतो का बघत होतो. बाकी सगळ्यांचे आले."

"जपून जा," ती म्हणाली.

तो रस्त्यावर आला. वर यंत्र पुन्हा सुरू झालं होतं. मध्येच अडखळत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. कोपऱ्यापर्यंत ते ऐकू येत होतं, थांब्यावर येत नव्हतं. म्हणून तो कोपऱ्यावरच उभा राहिला आणि त्याने दोन बस सोडल्या.