मजारीचा श्वास

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. नारीन शहराच्या वरची डोंगरउतरण बघा. घोडे बांधून आलेले दोनशे लोक, आणि मधोमध एका पिराची दगडांची जुनी मजार. वारा इतका पडलेला की गवताचं पातं हलत नाही. आणि मजारीच्या भेगेवर बांधलेली पांढरी चिंधी एकाएकी फडफडू लागते! तुमच्या अंगावर काटा आला असता की नाही? त्या गर्दीच्याही आला.

"पीर श्वास घेतोय!" स्वतःला हकीम म्हणवणारा ओरोझाली गरजला. "ज्याचा विश्वास कच्चा, त्याने मागे व्हावं. ज्याचा पक्का, त्याने डॉक्टरांची औषधं नदीत सोडावीत!"

बायका रडत पुढे सरकल्या. मी मागेच उभा राहिलो, मान खाली घालून. का, ते सांगतो.

वसंतात हा ओरोझाली माझ्या गॅरेजात आला होता. त्याच्या व्हॅनमध्ये टायरांत हवा भरायचा कॉम्प्रेसर होता.

"मिस्त्री, याला हवेची टाकी बसवून द्या. पण आवाज नको."

"अहो, हवा भरताना कॉम्प्रेसर धडधडणारच."

"भरताना धडधडू दे. सोडताना नको."

मला तिथेच शंका यायला हवी होती. खरं सांगू? आली होती. पण काम सुरेख जमत होतं. व्हॅनच्या खाली रबर घालून टाकी आवळली. हवा उलटी फिरू नये म्हणून झडप लावली. बुडाशी पाणी काढायची तोटी बसवली. सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, तर एक बुडबुडा नाही! या कौतुकात मी इतका बुडालो की त्याने वीस मीटर नळी मागितली तेव्हाही गप्प राहिलो. एवढंच म्हणालो, "रोज तोटी उघडा. दाबलेल्या हवेतली वाफ पाणी होऊन बुडाशी साठते."

ऐकतोय कोण!

म्हणून त्या दिवशी भेगेतून हवेबरोबर तपकिरी थेंब उडाले. हकीम स्वतःच दचकला, पण त्याचं तोंड इंजिनापेक्षा चपळ. "पिराचे अश्रू! डोळ्यांना लावा!"

म्हाताऱ्या सालतानतबाईंनी दोन्ही डोळ्यांना लावलेसुद्धा. माझ्या सुनेच्या, बुरुलच्या कडेवर माझा नातू होता, डोळे पू येऊन चिकटलेले. तिने बोट भिजवलं. तेवढ्यात माझ्या दहा वर्षांच्या नातीने, आयझिरेकने, तिचं मनगट धरलं आणि बोटाचा वास घेतला.

"आई, थांब. याला आजोबांच्या कामाच्या डगल्यासारखा वास येतोय."

"गप गं! पीर ऐकेल."

"ऐकू दे की! अश्रूंना ऑइलचा वास कसा?"

"कोणाची ही पोर?" हकीम खेकसला. "जीभ बघा केवढी!"

आयझिरेक माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही सांगा ना, काय आहे हे?"

दोनशे माना वळल्या. बोट नातवाच्या डोळ्यापासून टीचभर लांब होतं.

"गंज आणि तेल," मी म्हणालो. "मी बसवलेल्या टाकीतलं."

मग सगळ्यांना मजारीच्या भिंतीमागे नेलं. तिथे व्हॅन उभी होती आणि दगडांखालून नळी गेली होती. पहाटे कॉम्प्रेसर चालवून टाकी भरायची, दिवसभर गुपचूप सोडायची, एवढाच तो श्वास. मी नळीची चावी बंद केली, चिंधी पडली. उघडली, फडफडली. लोक हसले. हकीम गर्दीतून पाय काढू लागला. सालतानतबाई मात्र हसल्या नाहीत. त्या बाहीने डोळे पुसत होत्या, पुन्हा पुन्हा.

मुलांनो, चमत्कार दिसला तर वास घ्या, हात लावा, भिंतीमागे जाऊन बघा, प्रश्न विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने बोलावं. एकटा लबाड माणूस फार काही करू शकत नाही, त्याला माझ्यासारखा गप्प बसणारा कारागीर लागतो.

आयझिरेकने मला एकच विचारलं, "तुम्हाला वसंतातच कळलं होतं?"

मी मान डोलावली.

तिने भावाला आईकडून घेतलं, शालीने पाठीशी बांधलं आणि खालच्या दवाखान्याची वाट धरली. बुरुल तिच्यामागे धावली. उतार निसरडा होता, म्हणून मी हात पुढे केला. आयझिरेकने तो धरला नाही.