शेवटचा शब्द माझा होता

मित्रांनो, मी एक जुनी स्टील गिटार आहे. छातीशी धरून वाजवतात तसली नव्हे. मला मांडीवर आडवी निजवतात आणि माझ्या तारांवरून पोलादाची गुळगुळीत कांडी सरकवतात. म्हणून माझा स्वर पायऱ्या उतरत नाही, तो घरंगळत येतो. रडणारा माणूस एका सुरातून दुसऱ्या सुरात नकळत जातो ना, तसा. माझे गाणे ऐकणारे म्हणत, "ही बोलते." खरेच मी बोलत असे. पण एके दिवशी, जेव्हा बोलायलाच हवे होते, नेमके तेव्हाच माझे तोंड बांधले गेले. त्या दिवसाची सावली अजून माझ्या लाकडात मुरलेली आहे.

अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगराळ मुलखात मेपल झाडाच्या फळीतून मला घडवले. माझा पहिला धनी हॉइट मॅकॲडू, लाकडाच्या वखारीत काम करणारा गोरा माणूस. शनिवारी संध्याकाळी धान्याच्या कोठारात नाच असे आणि तिथे हॉइट मला घेऊन कंट्रीची, म्हणजे त्या डोंगरातल्या गोऱ्या लोकांची, गाणी वाजवी. पळून गेलेली बायको, आटलेली विहीर, आगगाडीची शिट्टी असली ती गाणी. लोक हसत, नाचत आणि मधूनच डोळे पुसत. पुढे त्याने पायाने दाबायच्या पट्ट्या असलेली नवी, झगझगीत गिटार आणली आणि मी फळीवर धूळ खात पडले. त्याच वखारीत लूशस टॉलिव्हर नावाचा काळा माणूस ओंडके उचलीत असे. एकदा तो माझ्याकडे बघतच राहिला. हॉइट म्हणाला, "बघतोस काय नुसता? घेऊन जा. तुझ्या देवाला ऐकव."

लूशसने मला शर्टात गुंडाळून अलाबामातल्या आपल्या गावी नेले.

तिथले चर्च म्हणजे विटांच्या खांबांवर उभी केलेली लाकडी खोली. पण मित्रांनो, त्या खोलीत मी जे ऐकले ते स्वर्गाच्या दाराशी उभे राहून ऐकल्यासारखे होते. लूशसचे थोरले भाऊ तिथे उपदेश करीत; सगळे त्यांना मानाने एल्डर टॉलिव्हर म्हणत. सुरुवातीला ते साधे बोलत. मग शब्दांना हळूहळू चाल लागे, चालीला श्वास लागे आणि बघता बघता उपदेशाचे गाणे होई. त्यांची एक रीत होती. ओळ म्हणताना ते शेवटचा शब्द गिळून टाकीत. "त्याने मला चिखलातून उचलले आणि माझे पाय ठेवले..." इथे ते थांबत. मग मी त्या शांततेत घरंगळत येई आणि म्हणे, "खडकावर!" लोक उभे राहत. बायका हातातले पंखे टाकून टाळ्या वाजवीत. शेवटचा शब्द माझा असे. देव बोलला की भक्ताने उत्तर द्यायचे, एवढेच मी तिथे शिकले, आणि ते मला आयुष्यभर पुरले.

एल्डरांची मुलगी व्हर्नेटा पहिल्या बाकावर बसून सगळे टिपत असे. मोठी झाल्यावर ती शहरात गेली आणि सोल गाऊ लागली. चर्चचा आवाज माणसांच्या प्रेमाला दिला की जे होते ते सोल. एल्डरांना ते रुचले नव्हते.

एकदा ती घरी आली आणि म्हणाली, "काका, गिटार घ्या. मी कंट्रीची गाणी गाणार आहे."

लूशसकाका हसले. "कंट्री? अगं, ती तर आपल्याला मागच्या दाराने आत घेणाऱ्या गोऱ्यांची गाणी!"

"गाणी मागच्या दाराने कुठे आली, काका? आपल्या रेडिओतून सरळ स्वयंपाकघरात आली. आई त्यांच्याच ठेक्यावर मक्याची भाकरी भाजायची."

एल्डर दारात उभे होते. ते एवढेच म्हणाले, "पोरी, चर्चबाहेर गेलेला आवाज कुणाच्या अंगणात उतरेल ते सांगता येत नाही."

तिने निवडलेल्या गाण्यांत एक जुने गाणे होते, 'पैलतीरावरचा दिवा'. हॉइटच्या काळापासून मी ते ओळखत होते. डोंगरातले लोक ते भराभर, ठेक्यात म्हणत. नावाडी आळशी आहे आणि रात्र होत आली आहे, अशी त्यात तक्रार होती. व्हर्नेटाने त्यातला एक शब्दही बदलला नाही. तिने फक्त ते हळू केले. इतके हळू, की तक्रारीची प्रार्थना झाली. "नावाड्या, दिवा मालवू नकोस, अजून कुणीतरी आहे..." असे म्हणून ती वडिलांसारखी थांबे. मग मी म्हणे, "तीरावर." त्या थांबण्यात नदीची सगळी रुंदी मावत असे.

रेकॉर्ड निघाली. वेष्टनावर व्हर्नेटाचे चित्र नव्हते. एक नदी होती आणि एक दिवा. काळा चेहरा असला तर डोंगराकडचे दुकानदार रेकॉर्ड काचेत मांडत नसत, म्हणून कंपनीने ती खबरदारी घेतली होती. माझे रडणे ऐकून सगळ्यांची खात्री पटली, की गाणारी ही आपल्यातलीच कुणी गोरी बाई. गाणे डोंगरभर वाजले. आणि मॉसी गॅप नावाच्या गावाहून फोन आला. जुन्या गाण्यांचा मेळा आहे, व्हर्नेटाबाईंनी यावे.

मॉसी गॅपचे नाव ऐकताच लूशसकाकांच्या हातातली कांडी माझ्यावर आपटली. आमच्या लोकांत ते गाव सर्वांना माहीत होते. वेशीवर पाटी होती. काळ्या माणसाने सूर्य मावळण्याआधी गाव सोडावे, नाही तर होईल त्याला तोच जबाबदार.

"नको जाऊस," काका म्हणाले.

"दुपारी दोनला गायचं आहे, काका. तीनला आपण परतीच्या रस्त्यावर. गाणं त्यांचं आहे. एकदा त्यांच्या घरात जाऊन म्हणू दे मला."

एल्डर पुढे आले. त्यांनी माझ्या पेटीवर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली. मला तो हात जड लागला.

मेळ्याचे सभागृह लाकडी होते, पश्चिमेकडे उंच खिडक्यांची रांग. आत तळलेल्या कोंबडीचा आणि पीचची फळे भरून भाजलेल्या 'पाय' नावाच्या गोड पदार्थाचा वास होता. आम्ही दारातून आत शिरलो आणि बाके हळूहळू गप्प झाली, जसे रानात कुणी शिरले की पाखरे गप्प होतात. व्यवस्थापक पर्व्हिस स्टॉलकप हात पुढे करीत आला आणि मध्येच थबकला.

"तू? रेकॉर्डवरून तर तू गोरी वाटलीस!"

व्हर्नेटा शांतपणे म्हणाली, "रेकॉर्ड काळीच होती, साहेब."

मागे कुणीतरी फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. स्टॉलकपचे कान लाल झाले. पण बाहेर भिंतीवर तिचे नाव मोठ्या अक्षरांत लावले होते, लोक लांबून आले होते; तिला परत पाठवले तर त्याचीच शोभा झाली असती. तो म्हणाला, "बस तिकडे कोपऱ्यात. नंबर आला की बोलावतो."

नंबर येईना. एक फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा झाला, दोन बहिणींचे गाणे झाले, मग पायाची चटपट करणारा एक म्हातारा नाचला. लूशसकाका दोनदा उठून गेले. "साहेब, आम्हाला लांब जायचंय."

दाराशी टोपीवाल्यांचा एक घोळका टेकून उभा होता. त्यातला डब नावाचा दांडगा माणूस म्हणाला, "कसली घाई रे, म्हाताऱ्या? मेळा तर आत्ता रंगात येतोय." आणि तो खिडकीकडे बघून हसला.

तेव्हा मला कळले, मित्रांनो. त्यांना आम्हाला हाकलायचे नव्हते. त्यांना आम्हाला थांबवून ठेवायचे होते. पाटीने सांगितलेल्या वेळेपर्यंत. उन्हाचे चौकोन जमिनीवरून सरकत सरकत बाकांवर चढत होते, माणसांच्या मांड्यांवर, मग खांद्यांवर. एकेक फिडल वाजे आणि सूर्य बोटभर खाली येई. व्हर्नेटा हात जुळवून बसली होती. तिचे ओठ हलत होते.

काका कुजबुजले, "चल, असेच निघू."

"दारात बघा, काका. असे निघालो तर ते आपल्याला जाऊ देतील?"

शेवटी स्टॉलकपने नाव पुकारले. उजेड तांबूस झाला होता. काकांनी मला मांडीवर घेतले, माझी वायर आवाज मोठा करणाऱ्या विजेच्या पेटीत खोचली. व्हर्नेटा पुढे झाली. टाळी एकही नाही. तिने सुरुवात केली. हळू, आपल्या वडिलांच्या चालीने. "नावाड्या, दिवा मालवू नकोस..." डबने भिंतीपाशी जाऊन त्या पेटीची वायर उपटली आणि तो पुन्हा दाराला टेकला.

"...अजून कुणीतरी आहे..."

ती थांबली. काकांनी कांडी सरकवली. माझ्या तारा थरथरल्या, पण विजेवाचून त्यांचा आवाज काकांच्या गुडघ्यापलीकडे गेला नाही. त्या शांततेत मी ओरडत होते आणि कुणाला ऐकू येत नव्हते. दाराशी हसणे झाले. एकाने खिडकीतून बाहेर बघितले.

व्हर्नेटाने काकांकडे पाहिले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिला तो शब्द स्वतः म्हणता आला असता. पण ती चर्चमध्ये वाढली होती. उत्तराची जागा आपण भरायची नसते, ती उघडी ठेवायची असते. तिने ओळ पुन्हा घेतली, आणखी हळू.

"नावाड्या, दिवा मालवू नकोस, अजून कुणीतरी आहे..."

काहीच नाही. पाय घासल्याचा आवाज. एका पोराने काही विचारले आणि आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तिने तिसऱ्यांदा ओळ घेतली. आता तिचा आवाज फाटला होता. ते गाणे राहिले नव्हते, खरोखरच काठावर उभ्या असलेल्या बाईची हाक झाली होती. "...अजून कुणीतरी आहे..."

"तीरावर!" तिसऱ्या बाकावरून खरखरीत आवाज आला.

झेटी हार्गिस नावाची म्हातारी, नाकावर चष्मा, मांडीवर 'पाय'चे रिकामे भांडे. तिचा मुलगा खेकसला, "आई, गप बस!"

"तू गप. माझ्या आईचं गाणं आहे हे. असं लोंबकळत कुणी ठेवतं होय? गा गं पोरी, पुढं गा."

व्हर्नेटा गायली. पुढच्या ओळीला झेटीआजीबरोबर आणखी दोन बायका म्हणाल्या. मग मागून एक पुरुष, बहुधा त्याच्याही नकळत. पाळण्यापासून ऐकलेले गाणे होते ते. ओठांवर येऊन थांबलेला शब्द माणूस किती वेळ दाबून ठेवणार? ज्यांनी माझे तोंड बांधले, त्यांनी माझी जागा मोकळी केली होती, आणि आता त्यांचीच माणसे एकेक करून त्या जागेत येऊन उभी राहत होती. सगळी नव्हे. निम्मी बाके दगडासारखी बसून होती. दारातला घोळका तर जागचा हलला नाही.

गाणे संपले तेव्हा खिडकीच्या चौकटीवर सूर्याची फक्त कड उरली होती. काकांनी मला पेटीत घातले. झेटीआजी उठली आणि तिने व्हर्नेटाचा दंड धरला.

"गाडीपर्यंत येते मी. माझे गुडघे धरलेत, जरा हळू चल."

"आजी, आम्हाला घाई..."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच म्हणते, हळू चल. पळणाऱ्याच्या मागे कुत्री लागतात." दाराशी येऊन ती म्हणाली, "डब, सरक. तुझा बाप माझ्या हाती जन्मला होता. तोही असाच दारात अडकला होता."

कुणी हसले नाही. पण डब सरकला.

आम्ही निघालो तेव्हा दिवा न लावलेला एक ट्रक मागे लागला. पेटीत मला फक्त आवाज ऐकू येत होते. आमचे इंजिन, त्याचे इंजिन, आणि व्हर्नेटाची पुटपुट. जिल्ह्याच्या हद्दीवरचा पूल आला. आमच्या चाकांखाली फळ्या खडखडल्या. मागच्या चाकांखाली खडखडल्या नाहीत. ट्रक पुलाच्या अलीकडे थांबला होता. काकांनी मागे वळून पाहिले नाही. मैलभर पुढे गेल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि ते रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून रडले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की त्या दिवसानंतर मॉसी गॅप बदलले. तसे झाले नाही. ते गाणे तिकडच्या रेडिओवर बंद झाले. पाटी पुढेही बरीच वर्षे होती. त्या वर्षी थंडीत झेटीआजीचे कोठार जळाले आणि कुणी जाळले ते सगळ्या गावाला ठाऊक असूनही कुणी बोलले नाही. ही बातमी आली त्या रविवारी एल्डरांनी उपदेशात एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतली आणि शेवटचा शब्द त्यांनाही म्हणवेना, मलाही.

आता लूशसकाका नाहीत. व्हर्नेटाही नाही. नव्या, विटांच्या चर्चमध्ये मला काचेच्या पेटीत भिंतीवर टांगले आहे. माझ्या तारांवर गंज चढला आहे. मुले येतात, काचेला नाक लावतात, पुढे जातात. जवळच तिची रेकॉर्ड वाजते. "अजून कुणीतरी आहे..." ती थांबते, आणि जुन्या रेकॉर्डवरची मी दुरून, पातळ आवाजात उत्तर देते.

मला पुसून, जपून ठेवा असे मी म्हणत नाही. जमले तर बाहेर काढा, नव्या तारा लावा, कुणाच्या तरी मांडीवर द्या. मी पुन्हा बोलेन. नाहीच जमले, तर एवढे तरी करा. कुणाची ओळ शेवटच्या शब्दापाशी अडलेली ऐकलीत, तर बाकावर दगडासारखे बसू नका. तो शब्द तुम्हाला ठाऊक असतो. म्हणा. आवाज खरखरीत असला तरी चालेल. पण लवकर म्हणा, मित्रांनो. खिडकीतला उजेड तांबूस होत चालला आहे आणि दाराशी टेकून कुणीतरी त्याचीच वाट बघत आहे.