पोटअर्ज

तनुजाने फाइलची नाडी बांधली आणि फाइल टेबलावरून पुंजारामकडे सरकवली. लोकांचे पेटंटचे अर्ज सांभाळणाऱ्या उस्मानपुऱ्यातल्या या खासगी ऑफिसात लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. 'तुमचा अर्ज बाद झालाय' हे आठवड्यापूर्वी फोनवर सांगताना तिला काही वाटलं नव्हतं. समोर नवरा-बायको येऊन बसल्यावर मात्र जीभ जड झाली.

"सरकारी पेटंट कार्यालयाने अर्जावर शंका काढल्या होत्या, काका. सहा महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. ते गेलंच नाही."

"कसं जाईल?" पुंजाराम म्हणाला. "आमचे वकील तात्यासाहेब वारले, म्हणून पत्र थेट पाचोडला घरी आलं. अन् आम्ही जनावरं घेऊन चारा छावणीत. घराला कुलूप. परत येऊन बघतो तं मुदत संपलेली."

विहिरीच्या तळाच्या गढूळ पाण्यावरही न तुंबणारं ठिबक त्याने केलं होतं. पुढे झडप, मागे गाळणी. त्यावर दोनशे मोसंबी जगल्या होत्या. वाळूजचा एक कारखानदार ते बनवायला तयार होता, पण अर्ज बाद झाल्याचं कळताच त्याचा सूर बदलला. 'आमचा काही हक्क नाही' असा कागद त्याला उद्या सही करून हवा होता.

"देऊन टाकतो सही," पुंजाराम म्हणाला. "नाव नसलं तं नसलं. लोकायची झाडं तं जगतील." असं म्हणत त्याने फाइलची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

वच्छलाबाईने त्याच्या हातातून नाडी काढून घेतली.

"तात्यासाहेबांनी दोनदा सह्या घेतल्या व्हत्या की आपल्या."

"अगं, पहिल्या कागदावर माझा चहा सांडला, म्हणून परत घेतल्या. कायबी काढती!"

"चहा सांडला तवा बाजाराचा दिवस व्हता. त्या परतच्या सह्या तिथल्या तिथंच झाल्या. दुसऱ्या लई दिसांनी, छावणीत जायच्या आदल्या दिशी. म्या भांडी बांधत व्हते."

तनुजाचा हात थांबला. "मावशी, नक्की?"

"नक्की मंजी? चूल इझवून सही केली म्या."

एका अर्जात दोन शोध असले तर एक काढून त्याचा वेगळा पोटअर्ज करता येतो. मूळ अर्जाच्या पानावर पोटअर्जाचा उल्लेख नसतो. पोटअर्जाच्या पानावर मात्र मूळ अर्जाचा नंबर असतो. कामावर लागल्या दिवशी साहेबांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट. आणि तिने काय केलं होतं? मूळ अर्जाचं पान उघडलं, 'बाद' वाचलं, मिटलं आणि फोन लावला. शाब्बास!

तिने अर्जांचं नातं शोधायचं सॉफ्टवेअर उघडून मूळ अर्जाचा नंबर टाकला. चक्र फिरत राहिलं. मग एक करडा चौकोन उमटला. त्याच्याखाली रेघ, आणि रेघेखाली एक हिरवा.

"आहे!" ती जवळजवळ ओरडलीच. "काका, जिवंत आहे! तात्यासाहेबांनी पोटअर्ज वेळेत करून ठेवलाय. मूळ बाद झाला तरी हा राहतो, आणि तारीखही मूळचीच मिळते. मी हे बघायलाच हवं होतं. चूक माझी आहे. माफ करा मला."

"मंजी उद्या सही द्यायची नाय?"

"अजिबात नाही! यावरही शंका आल्यात, पण उत्तराला दोन महिने आहेत."

पुंजारामने टेबलावर थाप मारली. "म्या म्हनत नव्हतो, कायतरी निघंल!"

"कवा म्हनला?" वच्छलाबाई म्हणाली. "येताना बसमधी तं तोंड पाडून बसला व्हता."

तनुजा हसत पान खाली सरकवत होती. मधेच तिचं हसू थांबलं. तिने स्क्रीन त्या दोघांकडे वळवली.

"झडप मूळ अर्जात राहिली, म्हणजे ती गेली. यात फक्त गाळणी आहे. मूळ अर्जावर शोध लावणारे म्हणून तुम्ही दोघं होता. इथं एकच नाव आहे."

पुंजारामने स्क्रीनवर बोट ठेवून नाव वाचलं. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "तात्यासाहेबांनी इचारलं व्हतं, गाळणी कुणाच्या डोक्यातून आली. म्या खरं ते सांगितलं."

"मला कदी बोलला नाय."

"नाय बोललो," तो म्हणाला.

मग तनुजाने कोरं पान उघडलं.

"पहिली शंका. कापडाची गाळणी सगळेच वापरतात, यात नवीन काय?"

पुंजाराम सवयीने पुढे सरसावला. कृषी अधिकारी, कारखानदार, पाहुणेरावळे, सगळ्यांना आजवर त्यानेच समजावलं होतं. पण या वेळी तो उठला आणि आपली खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढून बाजूला उभा राहिला.

"हिला इचारा."

वच्छलाबाई खुर्चीच्या कडेवर टेकली. मग जरा मागे सरकून नीट बसली.

"समदे कापड सरळ ताणत्यात," ती म्हणाली. "म्या तिरपं ताणलं. गाळ एका कोपऱ्याला जातो, अन् आपसूक खाली पडतो. लिही, पोरी."