उत्तरेश्वरचा हँडब्रेक

चौसाळ्याच्या उत्तरेश्वरनं जीपचा हँडब्रेक कधी ओढला नव्हता. त्या दांड्याला तो पिशवी अडकवायचा. "हँडब्रेक नवशिके वढत्यात," म्हणायचा. गाडी उभी करायची तर चाकाखाली दगड.

पण जीप त्याची बायको मंगल हिच्या नावावर होती आणि गावच्या पोरींना बीडला कॉलेजात नेण्या-आणण्याचं काम तिनं ठरवलं होतं. पोरींच्या बापांची अट एकच: सोमवारच्या आत आरटीओत गाडीचं पासिंग झालेलं पाहिजे. पासिंगला हँडब्रेक बघतात हे कळल्यावर उत्तरेश्वरनं अंगातला सगळा जोर लावून दांडा ओढला. दांडा परत खाली आला. चाकं मात्र सुटेनात. गंजलेली केबल नळीत रुतून बसली होती.

"फाट्यावरच्या पप्पू मिस्त्रीला बोलवा," मंगल म्हणाली.

"त्यो मला शिकवणार? त्यो चड्डीत व्हता तवा मी ट्रक हाणीत व्हतो."

हाणत होता हे खरं. पण कारखान्याच्या दारात, उसाच्या रांगेत पुढं सरकवण्यापुरता.

मेहुणा रामप्रसाद मदतीला आला, म्हणजे पारावर बसला. "दाजी, डिझेल टाका. दाजी, आता काळं ऑइल टाका." दाजी चाकाशी आडवा पडून केबलच्या तोंडात ओतत राहिला. पप्पू जाताजाता थांबला.

"काका, केबल काढून उभी टांगा, तेल आपसूक उतरंल. हितून वतलं तर सगळं चाकाच्या ड्रममधी जाईल. आतलं ब्रेकचं लायनर भिजलं की ब्रेक काय धरतोय?"

"जा बे, तुझं गिऱ्हाईक बघ!"

शेवटी हातोडीच्या दणक्यानं केबल सुटली. उत्तरेश्वर असा उठला, जणू सरपंच म्हणून निवडून आला.

"एकदा चढावर लावून बघा," मंगल म्हणाली.

"बायकांनी मशिनीत बोलू न्हाई."

पासिंगला साहेबांनी चढावरच उभी करायला लावली. हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक सोडला, आणि जीप सावकाश, कसली घाई नसल्यागत, मागं निघाली. साहेब बाजूला सरले.

"ब्रेक धरत नाही."

"धरतोय सायेब. चढच लई हाय."

साहेबांनी पुढची गाडी बोलावली.

परतीच्या वाटेवर पप्पूच्या दुकानापुढं मंगल म्हणाली, "थांबवा. उतरा."

"कावून?"

"गाडी माझ्या नावावर हाय म्हणून."

पप्पूनं ड्रम उघडला तर आत भजी तळावीत एवढं तेल. त्यानं नवे लायनर टाकले, केबलही बदलली. शनिवारी पासिंग झालं. सोमवारी पोरी बसल्या. स्टेअरिंगवर मंगलनं पगारी ड्रायव्हर म्हाळू बसवला.

उत्तरेश्वर आता हॉटेलात सांगतो, "जाम केबल मीच सोडवली." रामप्रसाद मान डोलावतो. गोष्ट खोटी नाही, म्हणून कुणी त्याला टोकत नाही. चहाही कुणी पाजत नाही.